पाठवल्याची पावती आहे, पोचल्याचं काय?

परदेशात साध्या टपालाने वस्तू विकणाऱ्या प्रत्येकावर हा दिवस एकदा तरी येतोच. मोबाईल उघडला की समोर नोटिफिकेशन, बायरने केस ओपन केलीय, कारण 'वस्तू मिळाली नाही', आणि पैसे होल्डवर. खाली एक रकाना, ट्रॅकिंग नंबर टाका. आता नंबर कुठून आणायचा? साधं टपाल होतं, त्याला नंबर मिळालाच नव्हता. आपल्याकडे आहे ती काउंटरवरची पावती, तिच्यावर तारीख आहे, वजन आहे, कुठल्या देशाला गेलं ते आहे, पण रकान्याला पावती चालत नाही. घड्याळ चालू होतं, इतक्या दिवसांत उत्तर द्या नाहीतर केस बायरच्या बाजूने बंद.

मी जुन्या फाउंटन पेनांच्या निबा विकते. निब म्हणजे नखाएवढी वस्तू, पुठ्ठ्यात खोचायची, वर बबल रॅप, मग पाकीट, सगळं मिळून ३४ ग्रॅम. ट्रॅकिंगवालं टपाल लावलं तर निबेपेक्षा टपालच महाग पडतं, त्यामुळे लिस्टिंगमध्ये दोन पर्याय ठेवते आणि दहातले नऊ लोक स्वस्तातला निवडतात, मीही बायर असते तर तोच निवडला असता. अशाच एका पाकिटावर सव्विसाव्या दिवशी केस आली. आणि मी जे उत्तर लिहिलं ते आज वाचलं तरी वाईट वाटतं. मी लिहिलं की मी वेळेत पाठवलंय, ही घ्या पावती, बाकी सगळी पाकिटं लोकांना नीट मिळतात, तुमचंच कसं मिळालं नाही? म्हणजे सरळ सरळ खोटारडा म्हटलं त्या माणसाला. केस हरले, पैसे गेले, फीडबॅक लाल झाला म्हणजे माझ्या नावावर वाईट शेरा लागला, आणि पुढचे कित्येक दिवस मी भेटेल त्याला सांगत होते की बघा, लोक कसे फुकटात वस्तू लाटतात.

जवळजवळ चार महिन्यांनी ते पाकीट परत आलं. माझ्याच अक्षरातला पत्ता, कोपरे मऊ पडलेले, वर आडवी चिकटवलेली एक छोटी पट्टी. परत पाठवलेल्या टपालावर लावतात ती, सीएन १५ म्हणतात तिला. तिच्यावर फ्रेंचमध्ये कारणं छापलेली असतात, पत्ता अपुरा, माणूस माहीत नाही, घ्यायला नकार, आणि 'नाँ रेक्लामे', म्हणजे कुणी न्यायला आलं नाही. पेनाने फुली या शेवटच्या चौकोनात मारलेली. म्हणजे पाकीट त्या देशात पोचलं होतं, त्या गावात पोचलं होतं, बायरच्या जवळच्याच पोस्टात पडून होतं. त्याला चिठ्ठी मिळाली नसेल, किंवा दाराला लावलेली उडून गेली असेल, किंवा दुसऱ्याच्या पेटीत पडली असेल. तो खोटं बोलत नव्हता. मीही खोटं बोलत नव्हते. आणि आम्ही दोघं एकमेकांना चोर समजत बसलो होतो.

तेव्हापासून माझं या विषयावरचं मत बदललंय आणि तेच इथे मांडतेय, कारण सेलर लोकांमध्ये हा विषय निघाला की एकच सूर लागतो, सगळे बायर लबाड, सगळे प्लॅटफॉर्म, म्हणजे आपण ज्यांच्यावर विकतो त्या साइट, बायरधार्जिणे, आपण बिचारे. मला ते आता पटत नाही. माझं म्हणणं असं की बायरच्या समोर नुकसान सेलरनेच उचलावं, लगेच, वाद न घालता, संशय न घेता. पण ते नुकसान सेलरच्या एकट्याच्या गळ्यात कायमचं बांधून टपाल खातं आणि प्लॅटफॉर्म दोघांनीही हात वर करायचे, हे मात्र चालणार नाही, कारण पाकीट कुठे गेलं हे शोधायची ताकद असलीच तर त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही.

आधी पहिला भाग, कारण तो सेलर लोकांना जास्त झोंबतो. लिस्टिंगमध्ये एक ओळ सगळेच लिहितात, मीही लिहायचे: 'साधं टपाल निवडल्यास जबाबदारी खरेदीदाराची'. वाटायचं की बायरने स्वतः स्वस्त पर्याय निवडला ना, मग हरवलं तर त्याचं तो बघेल. पण कायदा बऱ्याच ठिकाणी असं मानतच नाही. ब्रिटनचा २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अॅक्ट आहे, त्याचं २९ वं कलम सांगतं की वस्तू ग्राहकाच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत धोका व्यापाऱ्याचाच. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात २० वं कलम जवळपास हेच म्हणतं. यात एक अपवाद आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. ग्राहकाने स्वतःच वाहतूकदार ठरवला असेल, आणि तो पर्याय व्यापाऱ्याने दिलेला नसेल, तर वस्तू त्या वाहतूकदाराच्या हातात दिली की धोका ग्राहकाकडे जातो. म्हणजे मी दिलेल्या दोन पर्यायांतला एक त्याने निवडला याला 'त्याने ठरवलं' म्हणत नाहीत. पर्याय मी ठेवला होता, त्याची जबाबदारीही माझी. ज्या ओळीच्या भरवशावर मी इतकी वर्षं निर्धास्त होते तिला अशा ठिकाणी कागदाचीही किंमत नाही.

सगळीकडे असंच आहे असंही नाही हं. अमेरिकेतला यूनिफॉर्म कमर्शियल कोड घेतला तर, करारात सेलरने माल फक्त रवाना करायचा असं असेल तर वाहतूकदाराच्या हाती सोपवला की धोका बायरकडे जातो. व्यापारातला जुना नियम हाच, माल गाडीत चढला की माझं काम संपलं. पण तो नियम शोभतो दोन व्यापाऱ्यांमध्ये. दोघांनाही भाडं कळतं, विमा कळतो, हरवलं तर कुणाकडे भांडायचं ते कळतं. रात्री मोबाईलवर एक निब मागवणाऱ्या माणसाला यातलं काय माहीत असणार? त्याने पैसे निबेचे दिले, पोस्टात पाकीट टाकण्याचे नाही. त्याच्या हातात काहीच आलं नाही तर त्याचे पैसे परत जायला हवेत, यावर मला तरी वाद घालावासा वाटत नाही.

आणि व्यवहाराने बघितलं तरी हेच बरोबर आहे. हरवण्याचं नुकसान मी शंभर पाकिटांत विभागू शकते, बायरकडे एकच पाकीट असतं, त्याचं गेलं तर त्याचं शंभर टक्के गेलं. प्रत्येक निबेमागे थोडे पैसे बाजूला ठेवले की वर्षातली दोन-चार पाकिटं त्यात भागतात. हे मी आधीपासून करायला हवं होतं, केलं नाही, म्हणून प्रत्येक हरवलेलं पाकीट मला चोरी वाटायचं.

आता दुसरा भाग, आणि इथे माझा खरा राग आहे.

प्लॅटफॉर्मवरचा वाद सोडवायची सगळी भिस्त एका गोष्टीवर आहे, ट्रॅकिंगमध्ये 'डिलिव्हर्ड' दिसतंय का. ईबे या विक्रीच्या साइटच्या नियमात न मिळाल्याच्या केसमध्ये सेलरला बायरच्या पत्त्यावर पोचल्याचं ट्रॅकिंग दाखवावं लागतं, आणि ७५० डॉलर किंवा त्याहून मोठी ऑर्डर असेल तर सहीसुद्धा. नंबर नाही म्हणजे सेलर हरला, नंबरवर डिलिव्हर्ड दिसलं म्हणजे बायर हरला. इतकं सोपं करून टाकलंय. पण डिलिव्हर्ड म्हणजे नक्की काय? कुणीतरी कुठल्यातरी दाराशी, निदान त्या भागात, मशीनवर बटण दाबलं. पाकीट शेजारच्या पेटीत पडलं असेल, इमारतीच्या खाली ठेवलेलं कुणी उचललं असेल, २०२० च्या महामारीत तर संसर्ग नको म्हणून कितीतरी देशांत पोस्टमनने सही घेणंच बंद केलं होतं. अशा वेळी बायर खरं सांगत असला तरी त्याचं कुणी ऐकत नाही. म्हणजे ज्या रकान्याने मला हरवलं तोच रकाना दुसऱ्या दिवशी एखाद्या बायरला हरवतो. सेलर म्हणून मला हे सोयीचं आहे, मान्य, पण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही.

मुळात हे टपाल वस्तूंसाठी बनलंच नव्हतं. ९ ऑक्टोबर १८७४ ला बर्नमध्ये २२ देशांनी करार केला, त्यातून पुढे युनिव्हर्सल पोस्टल युनियन झालं, आज त्यात १९२ देश आहेत आणि ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. कल्पना फार मोठी होती, सगळं जग टपालापुरतं एकच प्रदेश मानायचं, एका देशाचं तिकीट लावलेलं पत्र दुसऱ्या देशाने आपलं समजून दारापर्यंत पोचवायचं. सुरुवातीला त्याबद्दल देश एकमेकांकडून पैसेही घेत नव्हते, कारण पत्राला उत्तर येतंच, जाणं-येणं सारखंच राहील असा हिशोब होता. तो हिशोब चुकत गेला आणि १९६९ च्या टोकियो काँग्रेसमध्ये टर्मिनल ड्यूज आल्या, म्हणजे ज्याचं टपाल जास्त जातं त्याने पोचवणाऱ्याला पैसे द्यायचे. त्या पत्रांच्याच वर्गात दोन किलोपर्यंतचं 'स्मॉल पॅकेट' बसवलेलं आहे. माझी निब कागदोपत्री पत्राची चुलत बहीण आहे. पत्र हरवलं तर कुणी भरपाई मागत नाही, म्हणून साध्या पॅकेटलाही भरपाई नाही. रजिस्टर्ड असेल, पार्सल असेल, विमा असेल तर पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत चौकशी लावता येते आणि ठरावीक भरपाई मिळते. साध्या पाकिटाची चौकशी करायला गेलात तर काउंटरवरचा माणूस चांगला असेल तर हळहळतो, पण करू काहीच शकत नाही. मला तर त्याने पावती उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली होती.

बरं, नंबर नाही म्हणतो आपण, पण तेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. ही गोष्ट बहुतेक सेलरना माहीत नाही आणि मला ती कळली तेव्हा मी चकित झाले. परदेशी जाणाऱ्या वस्तूच्या पाकिटावर कस्टम्सचं लेबल लागतं, सीएन २२, आत काय आहे, किती वजन, किती किंमत. १ जानेवारी २०२१ पासून ही माहिती नुसती कागदावर असून भागत नाही, पाकीट निघायच्या आधी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पुढच्या देशाला जावी लागते. अमेरिकेने त्यासाठी २०१८ मध्ये कायदाच केला होता, युरोपने मार्च २०२१ मध्ये आपली यंत्रणा चालू केली. आता माहिती आणि पाकीट यांची जोडी जुळवायची तर पाकिटावर काहीतरी ओळख हवी, म्हणून त्या लेबलवर बारकोड असतो. तेरा खुणांचा, आधी दोन अक्षरं, मग आठ अंक, एक ताळ्याचा अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. रजिस्टर्डचा आर ने सुरू होतो, पार्सलचा सी ने, एक्सप्रेसचा ई ने, आणि आपल्या साध्या पाकिटाचा यू ने.

म्हणजे बारकोड आहे, माहिती कॉम्प्युटरमध्ये आहे, पाकीट सरहद्दीवर त्याच बारकोडने ओळखलं जातं. फक्त दारात पोचल्यावर तो कुणी स्कॅन करायला बांधील नाही. यू वाला नंबर टपाल खात्याच्या साइटवर टाकला तर कधी देश सोडल्याची नोंद दिसते, कधी कस्टम्सची, आणि त्यापुढे शांतता. काही सेलर हा नंबर ट्रॅकिंग समजून रकान्यात भरतात आणि डिलिव्हर्ड येत नाही म्हणून हरतात, वर बायरला वाटतं सेलरने खोटा नंबर दिला. कस्टम्सला कर चुकायला नको म्हणून जेवढी सोय हवी तेवढी झाली, आणि ज्या दोघांनी पैसे मोजलेत, पाठवणारा आणि घेणारा, त्यांच्यासाठी शेवटची एक बीप नाही. याला मी अन्याय म्हणते. पाकीट आंधळं नाहीये, आपण त्याचे डोळे शेवटच्या मैलावर बांधून ठेवलेत.

यावर टपालवाले म्हणतील की ट्रॅक्ड सेवा वेगळी आहे ना, ती घ्या, पोचवणाऱ्या देशाला त्याचे जादा पैसे द्यावे लागतात. खरंय. पोस्टमनने प्रत्येक पाकिटाशी थांबून मशीन काढायचं तर वेळ जातो, वेळेला पैसे लागतात. पण मधला पर्याय शक्य आहे की. ईबेने अमेरिकेत देशांतर्गत टपालासाठी २०२१ मध्ये स्टँडर्ड एन्व्हलप नावाची सोय काढली, ट्रेडिंग कार्ड, नाणी, स्टॅम्प अशा पातळ आणि स्वस्त वस्तूंसाठी. त्यात दारात कुणी स्कॅन करत नाही, टपाल छाटणाऱ्या मशीनवर पाकिटाचा कोड वाचला जातो आणि तेवढ्यावर पाकीट कुठवर पोचलं ते कळतं. पूर्ण पुरावा नाही, पण पाकीट बायरच्या गावच्या छाटणीपर्यंत आलं होतं की समुद्रापलीकडेच अडकलं होतं एवढं तरी समजतं. माझ्या त्या पाकिटाचं एवढं जरी कळलं असतं ना, तर मी त्या माणसाला लिहिलं असतं, तुमच्या पोस्टात एकदा विचारून बघा. तो गेला असता आणि निब घेऊन आला असता. चार महिने, एक रिफंड, एक लाल फीडबॅक आणि दोन माणसांची कटुता, सगळं एका प्रश्नाने वाचलं असतं.

प्लॅटफॉर्मकडे तर याहून जास्त काही आहे. कुठल्या देशातून कुठल्या देशाला साधं पाकीट किती दिवसांत पोचतं, किती वेळा केस होते, केस झाल्यावर किती जण नंतर 'मिळालं' असं कळवतात, हा बायर किती वेळा अशी केस करतो, हा सेलर किती वेळा अशा केसमध्ये अडकतो, हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर पडलेलं असतं. आम्हाला त्यातलं काही दिसत नाही, आम्ही अंधारात एकमेकांवर दगड मारतो. निर्णय द्यायला हे वापरा की! एखादा माणूस वर्षभरात पंधरा वेळा साधं टपालच मिळालं नाही म्हणत असेल तर ते दिसायला हवं, आणि ज्याने दहा वर्षांत एकदाच म्हटलंय त्याला माझ्यासारखीने खोटारडं म्हणायच्या आत थांबवायला हवं.

मुदतींचा घोळ तर विचारू नका. ईबेवर अंदाजे पोचण्याची शेवटची तारीख उलटली की त्यानंतर ३० दिवसांत केस करावी लागते. पेपाल या पैसे भरायच्या सेवेवर पैसे दिल्यापासून १८० दिवस. कार्डवाल्या बँकेकडून चार्जबॅक, म्हणजे बँकेने सेलरकडून पैसे परत खेचून घेणं, साधारण १२० दिवसांपर्यंत. टपालाची चौकशी सहा महिने, तीही साध्या पाकिटाला नाहीच. यातलं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नाही आणि पाकिटाच्या खऱ्या प्रवासाशी तर मुळीच नाही. समुद्रमार्गे गेलेलं पाकीट दोन-तीन महिने सहज घेतं. २०२० मध्ये प्रवासी विमानं उभी राहिली तेव्हा टपालाच्या थैल्या विमानतळांवर साचल्या, कारण आंतरराष्ट्रीय टपाल बरंचसं प्रवासी विमानांच्याच पोटातून जातं. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या वस्तूंची ड्यूटी-माफी सगळ्या देशांसाठी काढून टाकली तेव्हा कितीतरी देशांच्या टपाल खात्यांनी तिकडचं वस्तूंचं टपाल काही काळ घेणंच थांबवलं. अशा वेळी लिस्टिंगवर मात्र जुनाच अंदाज झळकत असतो, अमुक तारखेपर्यंत मिळेल. ती तारीख मी ठरवलेली नसते, टपालानेही नाही, प्लॅटफॉर्मच्या गणिताने ठरवलेली असते, आणि ती उलटली की दोषी मी.

माझी मागणी फार मोठी नाही. पैसे भरायच्या पानावर बायरला स्पष्ट दिसू दे की या पर्यायात पाकीट कुठे आहे ते कळणार नाही, आणि या मार्गावर सध्या इतके आठवडे लागतायत. केस लगेच रिफंडकडे ढकलण्याआधी बायरला विचारा, जवळच्या पोस्टात बघितलं का, शेजारी विचारलं का, पत्ता बरोबर आहे ना. त्या मार्गाची खरी मुदत संपली की मात्र रिफंड द्या, सेलरने कुरकुर केली तरी. आणि सेलरने स्वतःहून वेळेत पैसे परत केले असतील तर त्या केसचा डाग त्याच्या खात्यावर राहू देऊ नका. पैशांचं नुकसान मी सोसेन, ते माझं कामच आहे, पण पाकीट विमानतळावर अडकलं म्हणून मला वाईट सेलर ठरवून माझ्या वस्तू शोधात खाली ढकलायच्या, याला काही अर्थ नाही. आणि प्रत्येक साध्या टपालाच्या ऑर्डरमागे प्लॅटफॉर्म स्वतःचं कमिशन घेतंच ना, टपालखर्चावरसुद्धा बरेच जण घेतात, मग त्यातला थोडा भाग अशा हरवलेल्या पाकिटांच्या फंडात घालायला काय हरकत आहे? एट्सी या दुसऱ्या साइटने २०२२ पासून अटी पाळणाऱ्या सेलरसाठी २५० डॉलरपर्यंतच्या ऑर्डरना असं संरक्षण चालू केलंय, म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं.

काही जण म्हणतात, हे सगळं कशाला, साधं टपाल बंदच करा, ट्रॅकिंग सक्तीचं करा, वादच मिटेल. मिटेल, पण सोबत अख्खा बाजार मिटेल. जुने स्टॅम्प, पोस्टकार्डं, बटणं, बिया, घड्याळाचे छोटे स्क्रू, निबा, हे सगळं साध्या पाकिटातूनच जगभर फिरतं. कुठेतरी एक माणूस आजोबांचं पेन दुरुस्त करत बसलेला असतो आणि त्याला हवी ती एकच निब दुसऱ्या खंडात कुणाच्या तरी डबीत असते. टपाल वस्तूच्या तिप्पट झालं तर तो मागवणार नाही, पेन तसंच पडून राहील. १८७४ मध्ये जे ठरलं, की सगळं जग टपालापुरतं एकच मानायचं, त्याचा आज उरलेला तुकडा म्हणजे हे साधं पाकीट, आणि काही लबाडांच्या भीतीने तो बंद करणं म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं.

लबाड नाहीतच असं मी म्हणत नाही. आहेत. नंबर नाही हे बघूनच मागवणारे आहेत, आणि न पाठवताच पावती दाखवणारे सेलरही आहेत, तेही बोलायला हवं, कारण पावतीवर नुसतं देशाचं नाव आणि वजन असतं, ते पाकीट त्याच बायरचं होतं याचा पुरावा तीत कुठे असतो? पण एका केसवरून समोरचा त्यातला आहे की नाही हे मला घरी बसून कळू शकत नाही, मी कितीही अनुभवी असले तरी. मला तेव्हा खात्री होती. पक्की खात्री होती. आणि पाकीट पोस्टात पडलेलं होतं.

आता मी केस येण्याची वाट बघत नाही. पाठवताना पाकिटाचा फोटो काढते, पत्ता आणि लेबल दोन्ही दिसतील असा, लेबलवरचा यू वाला नंबर बायरला कळवते आणि सोबत सांगते की हा ट्रॅकिंग नंबर नाही, पण पोस्टात विचारायला गेलात तर उपयोगी पडू शकेल. तीन आठवड्यांनी स्वतःहून मेसेज करते, मिळालं का. मिळालं नसेल तर लिहिते, 'अजून अमुक दिवस थांबाल का, तोवर जवळच्या पोस्टात एकदा नाव सांगून बघा, त्या तारखेपर्यंत आलं नाही तर मी पैसे परत करते, तुम्हाला केस करायची गरज नाही. आणि नंतर कधी आलंच तर मला नक्की कळवा.' तारीख लिहिते आणि ती पाळते.

त्या पहिल्या बायरलाही मी लिहिलं, परत आलेल्या पाकिटाचा आणि त्या पट्टीचा फोटो पाठवून, आणि माझ्या आधीच्या मेसेजबद्दल माफी मागितली. दोन दिवसांनी उत्तर आलं, निब अजून आहे का? तो या वेळी ट्रॅकिंगचे पैसे देणार होता, मी म्हटलं अर्धे मी भरते. अकराव्या दिवशी साइटवर डिलिव्हर्ड दिसलं आणि त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज, अजून मिळालं नाही. या वेळी मी पावती पाठवली नाही, शेजारी विचारायला सांगितलं. वरच्या मजल्यावर होतं.